उजव्या हाताचा अंगठा

ही गोष्ट मनानं रचलेली नाही. जिच्या घरात घडली ती बाई अजून जिवंत आहे, आणि खोटं बोलायला तिला कुणी कधी शिकवलंच नाही.

शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार. दुपारचे तीन. चर्चच्या मागचं तीन खोल्यांचं घर.

पलंगावर पाद्रीबाबा पडून होते. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू पार मेलेली. उशाशी त्यांची धाकटी बहीण. वारलेल्या भावाचा पोरगा, बाबांचा पुतण्या, तिला आत्या म्हणायचा, म्हणून सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. बाबांची बायको बाळंतपणात बाळासकट गेली, तेव्हापासून एकतीस वर्षं ही बाई या घरात राबत होती. बाबांनी गावातल्या गुराख्यांना अक्षर शिकवलं, हमालांना शिकवलं. सख्ख्या बहिणीला नाही. चुलीवर दूध असायचं ना! ते कोण बघणार?

वर तिलाच चिडवायचे, "आमची अंगठेबहाद्दर!"

आणि ती हसायची. दुसरं काय करणार?

त्या दुपारी दस्तलेखक मृत्युपत्र लिहायला आला होता.

"लिहा," बाबा वाकड्या तोंडानं म्हणाले. "पुस्तकं चर्चला. भिंतीवरचं घड्याळ आणि माझा लोकरीचा कोट पुतण्याला."

"आणि हे तुमच्या नावावरचं घर, बाबा?"

"घर चिमणीला."

चिमणी म्हणजे आत्या. साठीला टेकलेली चिमणी. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर स्वतःचं छप्पर येणार होतं.

"उद्या दुपारी पक्का कागद आणतो," दस्तलेखक उठता उठता म्हणाला. "सही काही जमणार नाही तुम्हाला. अंगठा घेऊ. डाव्या हाताचा. पुरुषाचा डावाच घेतात."

बाबा हसले. "बघ चिमणे, मीही तुझ्या पंक्तीला आलो."

पुतण्या लाकडाच्या वखारीत करवत चालवायचा. गावात कुणाच्याच तोंडाला कुलूप नसतं. घड्याळ आणि कोट, ही बातमी त्याला दिवस मावळायच्या आत लागली.

बुधवारी सकाळी दहाला तो आला. खिशात दुसरीकडून लिहून आणलेला कागद. हातात शाईची डबी.

"आत्या, चहा टाक."

ती स्वयंपाकघरात गेली.

बाहेरून कडी लागली...

"काका, अंगठा द्या."

"नाही देत."

चपराकीचा आवाज आला. मग दुसऱ्या चपराकीचा. मग बाबांचा आवाज कशाखाली तरी दबला... आणि पलंगाचे पाय फरशीवर आपटायला लागले.

धड... धड... धड...

आत्यानं दारावर इतक्या मुठी आपटल्या की कातडं सोलून निघालं. "सोड त्याला! मेल्या, सोड!"

धड...

मग काहीच नाही.

चुलीवर चहा उतू जात होता. तेवढाच आवाज.

कडी निघाली. पुतण्या घामानं निथळत होता. "काका गेले, आत्या. जाता जाता घर मला देऊन गेले."

"खुनी आहेस तू!"

त्यानं तिच्या कानशिलात अशी भडकावली की त्या कानानं तिला आजही ऐकू येत नाही. "जा, सांग कुणाला सांगायचं ते. कागदावर काय लिहिलंय ते तरी वाचता येतं का तुला?"

दुपारी दस्तलेखक पक्का कागद घेऊन आला, पण बिनअंगठ्याच्या त्या कागदाला आता काडीची किंमत नव्हती. प्रेताला आंघोळ घालताना तिच्या लक्षात आलं.

शाई उजव्या अंगठ्याला होती. घाईत जो हात हाताशी आला, तोच त्यानं धरला होता. मेलेला हात.

तिनं साबण लावला. राख लावली. शेवटी दगडानं घासलं. कातडी निघाली...

शाई निघाली नाही.

तशीच पुरली.

नवव्या दिवशी पुतण्या घरात राहायला आला. आत्याची वळकटी परसातल्या सरपणाच्या खोपटात फेकली. स्वयंपाक मात्र तिनंच करायचा!

पहिला ठसा दाराच्या चौकटीवर उमटला. गुडघ्याच्या उंचीवर. काळा. ओला.

दुसरा आतल्या भिंतीवर.

तिसरा पलंगाच्या पायावर...

आणि भर दुपारी, ऊन अंगणात पसरलेलं असताना, घरातून आवाज यायचा. एक पाऊल... मग काहीतरी फरफटत ओढल्यासारखं... पुन्हा एक पाऊल...

"म्हातारे, ही थेरं तुझीच!" पुतण्यानं तिचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि फळीनं ठेचला. दोन बोटं मोडली. "आता लाव ठसे!"

दुसऱ्या सकाळी तो न्याहारीला बसला. आत्यानं ताटली पुढं ठेवली आणि मागे सरकली.

ठसा त्याच्या गालावर होता.

रविवारी अकराला चर्च भरलेलं होतं. नवा पाद्री बोलत होता. मागच्या घरातून किंकाळी आली... मग काचा फुटल्या... मग ते.

धड... धड... धड...

माणसं धावली. दार आतून बंद. चौघांनी खांदे लावून ते तोडलं.

पलंग उलटा पडला होता. भिंतीवर छातीपर्यंत रक्त. पुतण्या कोपऱ्यात, पाय झाडल्यासारखे पसरलेले, नखांत स्वतःच्याच गळ्याचं मांस. गळ्याच्या मधोमध एक खळगा. अंगठ्याएवढा. आतल्या हाडापर्यंत गेलेला.

बाजूला चार बोटांचा एकही वळ नव्हता.

पोलिसांनी लिहिलं, वेडाच्या भरात स्वतःच केलं. त्यांचं बरं असतं. लिहिलं की संपलं.

"घर आता तुमचंच," दस्तलेखक म्हणाला. "बाबांच्या पुतण्याला ना बायको ना पोर. दुसरं कुणी उरलंच नाही."

"मला नको ते. गिऱ्हाईक बघा."

"अहो, एवढं सोसलंत ते याच घरासाठी ना?"

आत्या हळूच म्हणाली, "अहो, तो पोरगा मेला. पाऊल थांबलं नाही. आता खोपटापर्यंत येतं."

दस्तलेखकानं आपली पिशवी उचलली.

"आणि एक," ती म्हणाली. "विकताना मी अंगठा देणार नाही. मला सही शिकवा."

चार महिने लागले. मोडक्या बोटांत पेन धरून तिनं स्वतःचं नाव गिरवलं. साठाव्या वर्षी. जे भावानं एका पावसाळ्यात शिकवलं असतं, ते.

नोंदणी कचेरीत गर्दी होती. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. आत्यानं खाली वाकून सही केली. एकेक अक्षर, वाकडं, पण स्वतःचं. कारकुनानं कागद ओढून घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, सही केलीत ना? मग अंगठा कशाला दिलात?"

तिनं दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

स्वच्छ.

सहीशेजारी काळा ठसा होता. अजून ओला...

तो होकार होता, की हरकत?

आत्या आता दुसऱ्या गावात, भाड्याच्या खोलीत राहते. सगळं सांगते, पण या प्रश्नावर येऊन थांबते. झोपताना दोन्ही अंगठे मुठीत घट्ट धरून झोपते.