पहिल्या ओळीतली मोकळी जागा

आमच्या बँडमधल्या माणसांना कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागते, आणि चौथ्यांदा ती त्यांनीच मला सांगितली असा त्यांचा समज होतो. मंगळवारची तालीम संध्याकाळी सात वाजता. मी बँडमध्ये आले त्या वर्षापासून ती सातलाच आहे. तरी जूनच्या त्या मंगळवारी सात वाजता हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. मी माझं क्लॅरिनेट जोडत होते आणि कार्मेन त्रोझी त्याच्या मोठ्या ढोलावर डोनटचा डबा ठेवून खात बसला होता.

"बाकीचे कुठायत?"

"येतील गं मेना. एवढी काय तापतेस? अजून मास्तरांचीच गाडी लागली नाही."

"ढोलावरून डबा काढ आधी."

"ढोलाची तक्रार नाही, तुझीच आहे," म्हणत त्याने डबा काढला. पांढरी साखर ढोलावर तशीच राहिली.

मी फिलोमेना देल्वेक्यो. काउंटीच्या जमीनमोजणी कचेरीत माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास आहे. बँडच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. आमचा सान रोको बँड एकशे चौदा वर्षांचा. दगडाच्या खाणीत काम करायला इटलीतल्या अब्रुझोहून आलेल्या लोकांनी तो उभा केला. त्यांचे पहिले मास्तर सेराफिनो यांनी रचलेली एक धून आहे, तिला आम्ही नुसतं 'मोठी धून' म्हणतो. ती कुठे छापलेली नाही. प्रत्येक वाद्याचा एकेक कागद, सेराफिनोच्या हातचा, आणि तो कपाटात.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. आमच्या बँडमध्ये ऑपेरातलं गाणं गायला गायक नसतो. बाईचं गाणं फ्लिकोर्नो गातो, पुरुषाचं बॉम्बार्दिनो. फ्लिकोर्नो म्हणजे ट्रंपेटचा जरा जाड, मऊ आवाजाचा भाऊ, आणि बॉम्बार्दिनो हे पोटाशी धरून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. मोठ्या धुनेच्या मधल्या तुकड्यात बाकी सगळे जवळजवळ गप्प होतात आणि ही दोन वाद्यं एकमेकांशी बोलतात. त्या तुकड्यासाठीच लोक मिरवणुकीला येतात, संताच्या मूर्तीसाठी नाही. हे फादरना सांगू नये एवढंच.

बॉम्बार्दिनो माझे वडील वाजवत. गेतानो देल्वेक्यो, वय वर्षं शहाऐंशी. फ्लिकोर्नो त्यांचा मावसभाऊ एत्तोरे वाजवायचा. बावन्न वर्षं दोघं पहिल्या ओळीत शेजारी शेजारी चालले. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत दारातलं बर्फ काढताना एत्तोरेकाका तिथेच गेला.

आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. कारण आमच्याकडे कागद हातातून हातात जातो. जुना वाजवणारा सगळ्यांसमोर तो नव्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "आता हे तुझं." तोवर त्याची रांगेतली जागा मोकळी ठेवायची, तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही. एत्तोरेकाका कागद न देताच गेला. मग काय, तीन वर्षं आम्ही पहिल्या ओळीत एक भगदाड घेऊन चालतोय आणि मधल्या तुकड्यात पापांचा बॉम्बार्दिनो एकटाच प्रश्न विचारतोय.

हिवाळ्यातल्या सभेत ठरलं की या सोळा ऑगस्टला, सान रोकोच्या सणाच्या मिरवणुकीत, मोठी धून पुरी वाजली नाही तर बँड बंद करायचा. वाद्यं शाळेला, हॉल चर्चला. हात वर करणाऱ्यांत मास्तर पालुंबोसुद्धा होते. पापांनी हात वर केला नाही. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. मला तेव्हाच ठरवावं लागलं की हे होऊ द्यायचं नाही. आम्ही उरलो होतो सतरा जण, त्यातले सहा जण कानाला यंत्र लावणारे. पण माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत तो हॉल मी रिकामा होऊ देणार नव्हते.

म्हणून फ्लिकोर्नोसाठी मी जोॲन नोवाकला आणलं. पलीकडच्या गावातली पोलिश बाई, शाळेत संगीत शिकवते, हात सोन्याचा. सगळे जमल्यावर मी कपाट उघडलं, एत्तोरेचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

कार्मेन ढोलामागून म्हणाला, "तू कोण देणारी? तू काय एत्तोरे आहेस?"

"एत्तोरेला बोलावून आण मग. मी थांबते."

लोक हसले, पण कमीच. पापा हसले नाहीत.

जोॲनने वाजवायला घेतलं. इतकं सुरेख, की मला रडू आवरेना. नवव्या ओळीत ती एकदम थांबली.

"माझ्याबरोबर कोण वाजवतंय?"

"कुणी नाही. फ्लिकोर्नो एकच आहे," मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच जागी थांबली आणि डावीकडे बघितलं. डावीकडे भिंत होती.

"हे बघा, थट्टा असेल तर पुरे झाली," ती म्हणाली. "माझ्या आधी कुणीतरी श्वास घेतंय. माझ्या कानाशी."

थट्टा करण्याएवढा दम आमच्यात कुणाला उरलाय, असं मी तिला म्हणाले. ती पुढच्या मंगळवारी आली, अर्धा तास बसली, आणि फ्लिकोर्नो खोक्यात ठेवून निघाली. मी तिच्या मागे गाडीपर्यंत गेले.

"मेना, ती खुर्ची रिकामी नाहीये," ती म्हणाली. "तुम्हा लोकांना माहीतही आहे ते. मला उगाच कशाला बोलावलंत?"

मी तिथे उभी राहून गाडीच्या धुरावर ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या तालमीला मी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. कागद कधीतरी विरून जातील, सगळी धून एका जागी लिहून ठेवावी, एवढाच हेतू. घरी स्वयंपाकघरात बसून ऐकताना मधला तुकडा आला आणि पापांच्या बॉम्बार्दिनोच्या वर, अगदी बारीक, दुसरा सूर होता.

मी तीनदा ऐकलं. पितळी वाद्यं एकत्र वाजली की एखादा वरचा सूर आपोआप घुमतो, यात नवल काही नाही. मी वहीत तसं लिहिलंही. पण चौथ्यांदा ऐकताना हात थांबला. नवव्या ओळीच्या मधोमध तो सूर तुटला. श्वासाएवढाच.

तिथे श्वास घ्यायचा नसतो. ओळ तोडते ती जागा. एत्तोरेकाका तिथेच घ्यायचा, आणि त्यावरून बावन्न वर्षं त्याने सगळ्या मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या.

घुमणाऱ्या सुराला श्वास लागत नाही. मी मोबाईल बंद केला आणि भांडी घासायला घेतली.

जुलैच्या शेवटी पापांना धाप लागून दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेऊन सांगितलं, "फुंकायचं वाद्य आता अजिबात नाही. एकदा जोर लावला तरी जातील ते." घरी आल्यावर मी हे पापांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि संध्याकाळी गणवेश इस्त्रीला काढून ठेवला.

"पापा, मी काय सांगितलं?"

"मी मिरवणुकीत चालत नाहीये ना? ओसरीवर बसेन. बँड घरासमोर थांबेल तेव्हा माझा तेवढा तुकडा वाजवेन आणि बस्स. डॉक्टरला काय कळतंय बॉम्बार्दिनोतलं?"

"आणि काही झालं म्हणजे?"

"तर तुकडा पुरा करून होईल," ते म्हणाले.

इतका राग आला मला! त्यांचा, डॉक्टरचा, एत्तोरेकाकाचा, त्या कागदांचा. कुणी सरळ वागायलाच तयार नाही. मी कपाटातून पापांचाही कागद काढला, घरी बसून त्याची नक्कल केली आणि ट्रॉम्बोनवाल्या लुईजला दिली. पापांना न विचारता. आमच्याकडे जिवंत माणसाचा कागद असा कुणी कुणाला देत नाही. लुईजने तो दोन बोटांत धरला, कुणाचं तरी पत्र चुकून हातात आल्यासारखा.

"गेतानोला माहीत आहे?"

"तू वाजव. बाकीचं मी बघते."

फ्लिकोर्नोचं काय करायचं ते राहिलंच. मास्तर म्हणाले, ट्रंपेटवर कसंबसं भागवू. त्या तालमीत आम्ही रस्त्यावर चालून बघितलं. मी स्पष्ट सांगितलं की भगदाड नको, ओळ जुळवून घ्या. सगळ्यांनी जुळवून घेतली, मी स्वतः बघितली. कोपऱ्यापर्यंत जाईतो पहिल्या ओळीत पुन्हा एका माणसाची जागा मोकळी झाली होती.

"कार्मेन, कुणी सरकवलं त्यांना?"

"कुणी नाही. चालता चालता होतं तसं."

"का होतं?"

त्याने ढोलाच्या पट्ट्याशी चाळा केला. "तू विचारू नकोस ना गं दरवेळी."

सोळा ऑगस्टला सकाळी मी पापांना गणवेश घालून दिला. निळा कोट, पितळी बटणं, टोपी. ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली, बॉम्बार्दिनो मांडीवर ठेवला. ते कॉफी पीत असताना मी बॉम्बार्दिनोचा माउथपीस हळूच काढून माझ्या कोटाच्या खिशात टाकला. त्याच्याशिवाय त्या वाद्यातून सूर निघणं शक्य नाही. कळेल तेव्हा चिडतील, शिव्या देतील, पण जिवंत राहतील. मला तेवढंच हवं होतं. दुसरा माउथपीस घरात नव्हता, मी खण न् खण बघितला होता.

मिरवणूक एक वाजता निघाली. ऊन कडक, रस्ताभर मिरच्या-सॉसेजचा वास. सान रोकोची मूर्ती पुढे, मग आम्ही. आमच्या घरासमोर मूर्ती थांबली. मास्तरांनी काठी उचलली.

मोठी धून सुरू झाली. पहिला भाग आम्ही वाजवला तसा वाजवला. मग मधला तुकडा आला आणि माझं क्लॅरिनेट खाली आलं, कारण तिथे मला काही नाही.

मी लुईजकडे बघितलं. त्याचा ट्रॉम्बोन छातीशी आडवा होता. ओठ मिटलेले.

ट्रंपेटवालाही वाजवत नव्हता.

आणि बॉम्बार्दिनो सुरू झाला. भरलेला, ठाम, मी लहान असताना ऐकलेला. धाप लागलेल्या माणसाचा नव्हेच.

त्याला फ्लिकोर्नोने उत्तर दिलं.

रस्त्यावरच्या बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. कुणी मागे वळून बघितलं नाही. मास्तर डोळे मिटून काठी हलवत होते.

नवव्या ओळीच्या मधोमध श्वास आला.

मी रांग सोडून ओसरीकडे धावले. डोक्यात एकच, की म्हाताऱ्याने कुठून तरी दुसरा माउथपीस पैदा केला आणि आता तो माझ्यासमोर मरणार.

पापा खुर्चीत बसले होते. दोन्ही हात बॉम्बार्दिनोवर, नळीचं टोक उघडं. ओठ कोरडे. मागे रस्त्यावर धून अजून चालू होती.

"पापा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडले नव्हते. बाजारात हरवलेल्या मुलाचा चेहरा होतो तसा चेहरा झाला होता.

"मेना, माझं कोण वाजवतंय?"

मी खिशात हात घातला. माउथपीस तिथेच होता.

तो गरम होता. उन्हाने झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग बाहेर काढला तर त्यातून थेंब गळला, माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत गेला.

धून पुरी झाली. टाळ्या झाल्या, एकशे चौदा वर्षांत झाल्या नसतील एवढ्या. कार्मेनने ढोलावर ठोका दिला आणि बँड पुढे निघाला. बँड वाचला होता. मी पायरीवर उभी राहून बघत होते. पहिल्या ओळीतले लोक चालता चालता आपोआप बाजूला सरकत होते, कुणी कुणाला काही न सांगता.

आता मधे दोन माणसांची जागा मोकळी होती.

"पापा, आत चला," मी म्हणाले. "ऊन लागेल."

ते रस्त्याकडे बघत होते. शालीखाली त्यांचे पाय हलत होते, डावा, उजवा, डावा, उजवा, ढोलाच्या ठोक्यावर. मी शालीवरून त्यांचे गुडघे दाबून धरले, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून.

बँड कोपऱ्यावरून वळला. थोड्या वेळाने मला ढोल ऐकू येईनासा झाला.

माझ्या हातांखाली त्यांचे पाय चालतच होते.