तीन नंबरच्या खोलीचा रेडिओ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मेघा पिंप्राळ्यातल्या घरी चहा गाळत होती, तेवढ्यात श्रेयांसभाऊंचा फोन आला. एरवी हा माणूस आधी तब्येत विचारणार, मग घरच्यांची चौकशी करणार, आणि मग कुठे कामावर येणार. आज नमस्कारसुद्धा नाही.

"मेघाताई, तीन नंबरची खोली खलास झाली. तुमच्या डब्याने आम्हाला बुडवलं. आत्ताच्या आत्ता या."

चहा ओट्यावर राहिला आणि स्कूटर यावलच्या रस्त्याला लागली.

श्रेयांसभाऊंची केळी पिकवायच्या चार खोल्यांची वखार होती. खोलीत सोळा डिग्री लागतात. तेराच्या खाली गेलं की केळं आतून मरतं. म्हणून प्रत्येक खोलीच्या भिंतीवर मेघाने एकेक डबा लावलेला. डबा थंडी मोजायचा, त्याच्या पोटातला रेडिओ आकडा ऑफिसच्या स्क्रीनवर धाडायचा, आणि आकडा जरा घसरला की श्रेयांसभाऊंच्या आणि मेघाच्या मोबाइलवर बोंब व्हायची.

यंदाच्या उन्हाळ्यात जुने रेडिओ माना टाकायला लागले, तेव्हा गेल्या आठवड्यात तिने चारही बदलले. नवा रेडिओ नुसता बसवून भागत नाही. तू कोणत्या खोलीचा, कोणाशी बोलायचं आणि किती जोराने, हे सगळं त्याला शिकवावं लागतं. त्यात केळी म्हणजे पाण्याचं पोतं, रेडिओच्या लहरी गिळून बसतात. खोली भरली की सिग्नलची जेमतेम एक काडी उरायची. मेघाने जोर पार वर नेला तेव्हा कुठे दोन काड्या मिळाल्या. ते काम आपण चोख केलं याबद्दल तिला आजपर्यंत शंका नव्हती.

आज होती. वाटेत सावद्याच्या एका वखारवाल्याचा फोन आला. तुमचे डबे खोटे आकडे दाखवतात म्हणे, आम्ही काढून ठेवू का? बातमी तिच्या स्कूटरच्या पुढे धावत होती. स्वतःच्या नावावर उभा केलेला तिचा एवढाच धंदा, आणि तो दुपारपर्यंत बसणार होता.

तीन नंबरच्या खोलीत क्रेटवर क्रेट, आणि क्रेटांत राखेच्या रंगाची केळी. मेघाने एक सोलून पाहिलं. सालीच्या आतून काळ्या रेघा. 

तिने आपला थर्मामीटर डब्याशेजारी धरला. दोन्हीकडे सोळा. डबा आत्ता तरी खरं बोलत होता. फक्त त्याचा अँटेना खाली जमिनीकडे वाकलेला होता. ती तो नेहमी सरळ वर ठेवायची. तिने हात न लावता तसाच राहू दिला.

स्क्रीन आणि सिग्नल पकडणारं यंत्र पुनीतच्या केबिनमध्ये होतं. पुनीत म्हणजे श्रेयांसभाऊंचा मेहुणा, वखारीचा कारभारी. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि केबिनमध्ये शिरताच मेघाच्या अंगावर काटा आला. एसीवर सोळा. वखारीतले लोक त्या केबिनला पाच नंबरची खोली म्हणायचे, आणि पुनीत स्वतःही हसायचा.

आज तो हसला नाही. "यंत्रावर विसंबलं की हेच होतं. धुळ्यातही गेल्या आठवड्यात एकाची अख्खी खोली अशीच गेली."

स्क्रीनवर तीन नंबरची रेघ आठवडाभर सोळावर सरळ होती. काल वखारीत कोण होतं, असं मेघाने विचारलं. श्रेयांसभाऊ म्हणाले, कोणीच नाही. त्यांच्या आईचं, झमकूबाईंचं वर्षीतपाचं, म्हणजे वर्षभराच्या उपासांचं, पारणं होतं, उसाचा रस द्यायला सारं घर आणि सारा समाज जमलेला. मजूर आखाजीच्या सुट्टीवर. खोल्या सांभाळायला एकटा झुलाल. फाटकाच्या कॅमेऱ्यात रिकाम्या क्रेटची एक गाडी येऊन गेलेली दिसत होती, तेवढंच.

"पुनीतभाऊ, तुम्ही?"

"पारण्याला. सकाळी केबिनला कुलूप लावलं, ते आज उघडलं."

"किल्ली?"

"एकच. माझ्या खिशात."

श्रेयांसभाऊ फोनवर बोलत बाहेर गेले, तसा पुनीत पुढे वाकला. त्याचा आवाज गोड झाला.

"ताई, तुमचं नाव कशाला खराब करता? झुलालने झोपेत थंडी वाढवली आणि चूक झाकायला डबा काढून बाहेर ठेवला, असं लिहून द्या. तुमचा रेडिओ सुटला, आमचाही प्रश्न मिटला."

खोटं कशाला सांगायचं, मेघाला मोह झाला. एक सही, आणि सावद्यापासून भुसावळपर्यंतचे डबे जागच्या जागी राहिले असते. ती झुलालला शोधायला उठली.

झुलालभाऊ एक नंबरच्या दाराशी उकिडवे बसले होते. शिरपूरकडचा म्हातारा माणूस, तोंड पार उतरलेलं. त्यांना पोलिसात देणार असं सकाळीच सांगून झालं होतं.

"भाऊ, काल दिवसभर इथेच होता?"

"हाऊ."

"केळी कधी पाहिली?"

"काल सकायले. हिरवीगार व्हती, ताई. मी थंडीनी सुईले हात बी लाया नही."

"आणि पितरांची आगारी? काल आखाजी होती. घरी घागर कोणी पुजली?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले. यंदा त्यांचा बाप गेलेला, त्याची पहिली घागर. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारी पुनीतशेठ मागच्या दाराने आले होते. म्हणाले, याच दाराने घरी जा, बापाला घास टाकून ये, मी बसतो. आणि वर बजावलं, की तू खोल्या सोडून गेलास हे श्रेयांसला कळलं तर तुझी नोकरी जाईल.

"कोनले सांगू नका, ताई. मना पोटवर पाय येई."

मेघा तिथेच भिंतीला टेकली.  पुनीत इथे आला होता. पण मग स्क्रीनवर रेघ सरळ कशी? आणि डबा काढून बाहेर ठेवला, हे त्याच्या तोंडून आलं कसं? डबा हलवता येतो हे तर तिलाही सुचलं नव्हतं. बाहेर ठेवला असता तर आखाजीच्या उन्हात दोन्ही मोबाइल बोंबलले असते. तो थंडीतच कुठेतरी होता.

ती तडक केबिनमध्ये परतली. थंडीच्या रेघेखाली सिग्नलची एक बारीक रेघ असते. ती मेघाशिवाय कोणी उघडत नाही. तिने उघडली, बराच वेळ पाहिली, आणि मग श्रेयांसभाऊंना बोलावून घेतलं. झुलालभाऊंनाही.

"ही तीन नंबरची काडी बघा. आठवडाभर दोन. काल दुपारी एकदम पाच, आणि संध्याकाळी परत दोन."

"म्हणजे रेडिओ बिघडला होता," पुनीत म्हणाला.

 मेघाने तीन नंबरचा डबा काढून दोन नंबरमध्ये ठेवला. ती खोलीही भरलेली, स्क्रीनवर एकच काडी. मग तोच डबा तिने पुनीतच्या टेबलावर आणून ठेवला. पाच काड्या. थंडीची रेघ सोळावर, जराही न हलता.

"डबा काल इथे होता. या टेबलावर."

"कशावरून? केबिनला तर कुलूप होतं."

"तेच विचारतेय. बाहेर आग ओकत होती आणि डबा सोळा दाखवत होता. तुम्ही पारण्याला होतात, किल्ली तुमच्या खिशात होती. मग बंद केबिनमध्ये एसी कोणासाठी चालू होता?"

पुनीतचा हात टेबलावरच्या रिमोटकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

श्रेयांसभाऊंना अजून कळत नव्हतं. डबा हलवून याला काय मिळणार? मेघाने उलट त्यांनाच विचारलं, की थंडी लागलेलं केळं किती वेळात असं काळं पडतं.

"दोन-तीन दिवस तरी," ते म्हणाले, आणि बोलता बोलता खाली बसले.

"झुलालभाऊंनी काल सकाळी हिरवी केळी पाहिली. खोली थंड झालीच नाही, भाऊ. केळीच बदलली. दार तासन्‌तास उघडं राहणार, खोली तापणार, तुम्हाला मेसेज जाणार, म्हणून डबा इथे गारव्यात आणून ठेवला. रिकाम्या क्रेटची ती गाडी रिकामी नव्हती. धुळ्याचा मेलेला माल आला, तुमचा चांगला माल गेला. मी नुकतेच रेडिओ बदललेले, त्यामुळे दोष कोणावर टाकायचा हे आधीच ठरलं होतं. फक्त अँटेना सरळ करायचा राहिला."

 पुनीतने रिमोट दूर सारला.

"मला माझा वेगळा धंदा सुरू करायचा होता," पुनीत शेवटी म्हणाला. "किती दिवस तुमचा कारभारी राहू?"

 श्रेयांसभाऊ झुलालभाऊंकडे वळले. म्हातारा हात जोडून उभा होता.

"तू खोल्या सोडून गेलास?"

"हाऊ शेठ. बापनी घागर व्हती."

"मी आईच्या पारण्याला गेलो, तू बापाच्या घागरीला. जा, तोंड धू." 

तेवढ्यात मेघाचा फोन वाजला. पुन्हा तो सावद्याचा वखारवाला.  श्रेयांसभाऊंनी फोन तिच्याकडून घेतला.

"श्रेयांस बोलतोय. डबे काढू नका. रेडिओ खरंच बोलत होता. खोटं माझ्या घरचा माणूस बोलला."

फोन परत देऊन त्यांनी रिमोट उचलला आणि एसी बंद केला. मेघाने टेबलावरचा डबा घेतला आणि अँटेना सरळ वर करून तो तीन नंबरच्या भिंतीवर लावून आली.