गुंडी लावलेली कळ

दुपारची जेवणं उरकली होती. आईने कोपऱ्यातल्या टीव्हीवरचं फडकं ओढलं आणि लेकीला म्हणाली, "बस. पगार घेऊन दिवसभर प्रोग्रामच लिहितेस ना? मग घरचंही कर जरा."

टीव्हीला बाबांचा जुना कॉम्प्युटर जोडलेला. कॅसेटच्या टेपवरून प्रोग्राम चढवला की त्याच्या कळा पेटीसारख्या वाजायच्या. प्रोग्राम बाबांनीच लिहिलेला. एक कळ तुटली, तेव्हा तिच्यावर त्यांनी आपल्या शर्टाची गुंडी चिकटवली होती.

बाबा गेले, तरी आई वाजवत राहिली. तिने ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या, की गुंडीवालीही वाजायची. तिला कुणी हात लावलेला नसायचा.

"असंच वाजवायचो आम्ही. तीन माझ्या, चौथी यांची. म्हणून मी हे घर सोडत नाही."

"आई, ही या यंत्रांची खोड आहे गं. तीन ठरावीक कळा दाबल्या की चौथीही दाबली असं त्याला वाटतं. आतल्या तारांमुळे. बाबा नाहीत त्यात."

"मग घालव खोड. गेली, तर येते तुझ्याकडे राहायला. नाही गेली, तर पुन्हा माझ्यापुढे सामान बांधायची भाषा नको."

लेकीने बाबांच्या प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली : त्या तीन कळा दाबलेल्या असताना गुंडीवालीचं ऐकायचं नाही.

"हं, वाजव."

आईने कळा दाबल्या. तीनच सूर आले. टीव्हीची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास, बाकी काही नाही.

"बघ, गेली," लेक पडद्याकडे बघत म्हणाली.

आई खाली बघत होती. गुंडी हळूच दबली... आणि दबलेलीच राहिली. आईने बोटं उचलली. तिच्या तिन्ही कळा वर आल्या, आणि चौथा सूर एकटाच वाजायला लागला.

"आई, हात काढ."

"काढलाय."

लेकीने वळून पाहिलं. आईचे दोन्ही हात पदरात होते. सूर थांबेना. आईने आपल्या तीन कळा पुन्हा दाबल्या, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

"मी वाजवायला बसले की तुझे बाबा गप्प, असं कधी झालं नव्हतं," आई शांतपणे म्हणाली. "तुझी ओळ काढ. आणि माझं सामान भरून ठेवलेल्या त्या पिशव्याही सोड."

ओळ पुसायला तिचा क्रमांक टाइप करावा लागणार होता, त्यातला एक आकडा गुंडीवाल्या कळेवरच होता, आणि ती अजून दबलेलीच होती. लेक हात मांडीवर घेऊन बसून राहिली, गुंडी वर येण्याची वाट बघत.