चपला काढणारा खुनी

पडद्यावर मुखवटा घातलेला खुनी कडी तोडून घरात शिरला आणि गंधालीला हसू फुटलं. मंडळाचं सभागृह श्वास रोखून बसलेलं, अन् ही ओढणी तोंडात कोंबून खिदळतेय.

"काहून हसून राहिल्या तुम्ही?" शेजारच्या तरुणानं कुजबुजत विचारलं.

"पाहिलं नाही? खून करायला आला, अन् चपला दाराशी काढल्या! त्याही भिंतीला लावून!" गंधालीला बोलायला माणूसच हवा होता. "चाकूही केक कापायचा आहे..." मग तिचा आवाज उतरला. "पण तो अंधार, ते कडीचं वाजणं — मले खरंच भेव वाटलं. बनवणाऱ्या पोट्ट्यात दम आहे."

दिवे लागले. दिग्दर्शक अनिमेषला मंचावर बोलावलं, आणि शेजारची खुर्ची रिकामी झाली! गंधालीला कुठे तोंड लपवू असं झालं.

बाहेर तो तिचीच वाट पाहत होता. "खुनीही मीच. पैसे नव्हते ना! घरही आमचंच, इथल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं. दार आलं की चपला आपोआप निघतात. एडिट करतानाही कोणाले खटकलं नाही, सारे घरचेच." तो हसला. "चहा घेता? बाकीच्या चुका सांगा."

चुका संपल्या, तरी चहा संपेना. तो टक लावून ऐकायचा, म्हणून ती खोट्याच चुका शोधून आणायची. 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण मनातलं बोलायचं म्हटलं की अनिमेषची जीभ टाळूला चिकटायची.

"रविवारी मले पाहायला येऊन राहिले," शेवटी तिनंच सांगितलं.

"हव," मान डोलावत एवढंच तो म्हणाला. गंधाली रडत घरी गेली. लोकांना घाबरवणारा हा असा भित्रा!

रविवारी पाहुण्यांच्या आधीच दार धाडकन उघडलं. तिचे वडील, नाना, पेपर टाकून उठले. घामाघूम अनिमेष थेट बैठकीत उभा.

"नाना, मले... गंधालीशी लग्न करायचं आहे!"

नाना त्याच्या पायांकडे पाहत होते. पुसलेल्या फरशीवर दारापासून धुळीचे ठसे उमटले होते.

"अनिमेष... चपला!" गंधाली पुटपुटली.

त्यानं खाली पाहिलं. "विसरलो," तो थक्क होऊन म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा."

गंधालीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "नाना, पाहुण्यांना येऊ नका म्हणा. मले हाच पाहिजे."

नानांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"जा," ते अनिमेषला म्हणाले, "चपला काढून ये. मग बस."