दंडाच्या कातडीचं काळीज

काचेच्या चपट्या बशीत, गुलाबीसर रसाच्या तळाशी, काहीतरी हलत होतं. टपाल तिकिटाएवढं, दुधावरच्या सायीसारखं पातळ. ऋचाने डोळे बारीक करून पाहिलं. ते आक्रसायचं, सैल पडायचं, पुन्हा आक्रसायचं. बशीला कुठे वायर जोडलेली नव्हती की खाली मोटार नव्हती.

"हा कुठला प्राणी आहे?" तिने विचारलं.

"प्राणी नाही," डॉ. नसीमा मुजावर म्हणाल्या. "पलीकडच्या वॉर्डात हौसाबाई आहेत ना, त्यांच्या दंडाच्या कातडीपासून बनलंय हे."

ऋचाचा हात आपोआप स्वतःच्या दंडाकडे गेला. तिथली कातडी अगदी गप्प होती.

"पण कातडी कधी धडधडते का?"

"तेच तर कोडं आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

खरं तर त्यांनी बोलावलं होतं ऋचाच्या बहिणीला. केतकीताईचं डॉक्टरकीचं मूळ शिक्षण संपलं होतं आणि आता पुढची शाखा निवडायची होती. घरात सकाळ-संध्याकाळ तोच विषय. बाबा म्हणायचे, "तुझा हात इतका स्थिर आहे, सर्जन हो." मामाला ती डोळ्यांची डॉक्टर व्हायला हवी होती, आत्याला लहान मुलांची. ताई जेवता जेवता घास हातात धरून बसून राहायची. कॉलेजात तिला शिकवणाऱ्या डॉ. मुजावरबाईंनी ते ओळखलं आणि निरोप धाडला, 'मिरजेला प्रयोगशाळेत ये. एक गंमत दाखवते.' सुट्टी होती म्हणून ऋचाही बरोबर आली होती.

"तू सुरुवातीला केवढी होतीस, माहीत आहे?" डॉक्टरांनी ऋचाला विचारलं. "एका पेशीएवढी. पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यांत लहान जिवंत कण. तिच्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. आणि दर वेळी तिच्या आतली जनुकं (शरीर घडवण्याच्या सूचना) नव्या पेशीला जशीच्या तशी मिळत गेली. डोळा कसा करायचा, हाड कसं करायचं, हृदय कसं करायचं, सगळं."

"म्हणजे माझ्या कातडीला हृदय करता येतं?"

"सूचना आहेत तिच्याकडे. पण त्या निजलेल्या आहेत. कातडीपुरत्या तेवढ्या जाग्या. हृदयाच्या पेशीत बरोबर उलटं."

"कोणी जागं राहायचं नि कोणी निजायचं, हे कोण ठरवतं?"

"आजूबाजूच्या पेशी. बाळ पोटात वाढत असताना त्या एकमेकींना रसायनांचे निरोप पाठवतात. त्या निरोपांप्रमाणे कुणी मज्जातंतू होते, कुणी स्नायू. आम्ही हौसाबाईंच्या कातडीच्या पेशींना आधी त्यांचं कातडीपण विसरायला लावलं. त्या झाल्या मूळपेशी (जिचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही, अशी पेशी). मग पोटातल्या बाळाच्या हृदयाला जे निरोप मिळतात, तेच त्याच क्रमाने दिले. आणि एका सकाळी मी झाकण उघडलं, तर हे धडधडत होतं. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी त्या दिवशी मी दुपारपर्यंत बशीपासून हलले नाही."

ऋचा बशीकडे पाहतच राहिली. आपल्या अंगाच्या कणाकणात एक निजलेलं हृदय आहे, या विचाराने तिने पुन्हा स्वतःचा दंड चाचपला.

"पेशीचं बरं आहे," केतकीताई हळूच म्हणाली. "शेजारी सांगतात आणि ती होते. माझ्या शेजाऱ्यांचं ऐकलं, तर मी तीन प्रकारची डॉक्टर होईन."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. त्यांनी पडद्यावर बशीचं मोठं चित्र आणलं. आता ऋचालाही दिसलं. सायीची डावी बाजू एका तालात हलत होती आणि उजवी दुसऱ्याच. मधला पट्टा स्तब्ध होता.

"झटका आला तेव्हा हौसाबाईंच्या हृदयाचा एक भाग मेला. त्यावर हे ठिगळ बसवायचंय. पण असं दोन तालांचं ठिगळ बसवलं, तर असलेला तालही बिघडेल. मधल्या पेशी एकमेकींना चिकटल्या, की त्यांच्यात बारीक वाटा तयार होतात. त्या वाटांनी विजेची लहर इकडून तिकडे जाते. आज संध्याकाळपर्यंत वाट पाहायची. नाही जमलं, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तेवढा धीर त्यांचं हृदय धरेल, असं मला वाटत नाही."

सगळेजण पडद्यासमोर बसले. थोड्या वेळाने ऋचाच्या लक्षात आलं, की ताई जागेवर नाही. ती शोधत वॉर्डात गेली.

हौसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सांगलीच्या हळदीच्या पेठेत जन्म गेलेला. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. दोन वाक्यांत त्यांना धाप लागत होती.

"कापायची भीती न्हाई गं मला," त्या ताईला सांगत होत्या. "पर मला झोपवणार. सगळी जणं त्या काळजाकडं बघत बसणार. मग माझ्याकडं कोण बघणार?"

ताईने त्यांचा हात हातात घेतला. "एक डॉक्टर फक्त तुमच्याकडेच बघत असतो, मावशी. त्याला भूलतज्ज्ञ म्हणतात. लोकांना वाटतं, तो सुई टोचून निघून जातो. तसं नसतं. तुम्ही निजलात, की तुमचा श्वास तो सांभाळतो. रक्तदाब, नाडी, अंगाची ऊब, सगळं. तुम्ही जाग्या होईपर्यंत तो तुमच्या उशाशी असतो."

"उशाशी?"

"अगदी उशाशी."

मग हौसाबाई विचारत गेल्या आणि ताई सांगत गेली. नर्सने आणलेला चहा तसाच राहिला. कितीतरी दिवसांनी ताईच्या कपाळावर आठी नव्हती, हे ऋचाने पाहिलं.

इतक्यात दारातून डॉक्टरांनी हाक मारली. त्यांचा आवाज बदलला होता.

सगळे पडद्याकडे धावले. मधला पट्टा थरथरत होता. डावीकडची लहर त्यात शिरायची आणि विरायची. पुन्हा शिरायची, थोडी पुढे जायची. एकदा ती पार उजव्या टोकाला पोचली. उजवी बाजू क्षणभर थबकली, जणू कुणी तिचं नाव घेतलं होतं. आणि मग अख्खी साय एकदम आक्रसली. एकदम सैल झाली. पुन्हा एकदम.

ताई वॉर्डात परतली आणि हौसाबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून प्रयोगशाळेच्या काचेच्या भिंतीपाशी घेऊन आली.

"ह्ये माझंच?" हौसाबाईंनी विचारलं.

"तुमचंच," डॉक्टर म्हणाल्या.

हौसाबाईंनी एक हात छातीवर ठेवला आणि काचेपलीकडे बघत कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

परतीच्या वाटेवर ताई म्हणाली, "मी भूलशास्त्र घेणार."

"पण बाबा?"

"बाबांना सांगेन. सगळे पडद्याकडे बघत होते ना, तेव्हा माझे पाय आपोआप मावशींकडे वळले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"मग बाकीचं शिकलीस ते विसरणार?"

"कातडीची पेशी हृदयाची झाली, तरी कातडीच्या सूचना तिच्यात असतातच ना, निजलेल्या?"

ताईने घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हा भूलतज्ज्ञ नेमकं करतो काय, ते मला नीट सांग बघू." आणि ताई सांगत बसली.

शस्त्रक्रिया पार पडली. पावसाळा सरला तेव्हा हौसाबाई तपासणीला जिना चढून आल्या, मध्ये एकदाच थांबून. ऋचाही मुद्दाम आली होती. पडद्यावर त्यांचं हृदय दिसत होतं, मुठीसारखं मिटणारं, उघडणारं.

"यातलं नवीन कुठलं?" ऋचाने विचारलं.

डॉ. मुजावर पडद्याजवळ गेल्या, चष्मा सावरला, बराच वेळ पाहिलं.

"आता मलाही ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या.