अनाहूताचे ताट

दारावर थाप पडली तेव्हा वालेंती दुदेक चुलीवरच्या बिटाच्या साराची चव पाहत होता. बाहेर समोरच्या अतिथिगृहाची मालकीण पेलाग्याबाई उभी होती. तिच्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागले होते आणि केसांवर हिम साचले होते.

"फेलित्स्याबाई, आधी चला!" वालेंतीच्या खांद्यावरून तिने आत हाक मारली. "माझ्या घरात चोरी झालीय."

"मग पोलीस?" वालेंतीने विचारले.

"नाताळच्या जेवणाला पोलीस बोलावू? त्यापेक्षा घराला काडी लावीन मी!"

वालेंतीची विधवा वहिनी फेलित्स्याबाई हिचा खाजगी तपासनीस म्हणून क्राकोव शहरात मोठा लौकिक होता. वालेंती हा तिचा मदतनीस. त्याचे अंतःकरण विशाल होते. बुद्धी मात्र गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोचणाऱ्या प्रवाशासारखी होती. वहिनीने कोट चढवला. अंगण ओलांडता ओलांडता पेलाग्याबाईने हकिकत निवेदन केली.

लुब्लिनहून बोग्ना आणि कायेतान श्रोका हे प्रौढ जोडपे हिवाळ्याची सुट्टी घालवण्यास आले होते. बोग्नाजवळ तिच्या दिवंगत आईची अंबराची, म्हणजे झाडांच्या गोठून घट्ट झालेल्या डिंकाच्या पिवळ्या मण्यांची, माळ होती. ती आज दुपारी त्यांच्या खोलीतून नाहीशी झाली. त्या वेळी खोलीत गेली होती ती घरकाम करणारी ओलेस्या. युद्धामुळे युक्रेनमधील घरदार सोडून आलेली ही बाई पोटमाळ्यावर राहत असे.

"बोग्नाबाई म्हणतात, ओलेस्या या छपराखाली असेल तर मी घास घेणार नाही. आता मी हिला या थंडीत कुठे हाकलू?" पेलाग्याबाईने पिठाचे हात झटकले. "आणि चोर निघाली तर ठेवू तरी कशी?"

भोजनगृहात लांब मेज सजले होते. शुभ्र चादरीच्या कडेने, बाळ येशूच्या गव्हाणीच्या आठवणीसाठी खाली पसरलेले गवत डोकावत होते. माणसांपेक्षा एक ताट अधिक मांडलेले होते. त्या ताटापुढची खुर्ची रिकामी होती. ती दरवर्षी रिकामीच राहते. अवचित कोणी दारी आले तर त्याच्यासाठी ते ताट असते, आणि तोवर घरचा कोणी त्याला हात लावीत नाही.

बोग्ना रागाने लालबुंद झाली होती.

"सकाळी घातली होती मी. बाई गं, गळ्याला नुसता बर्फ! आताशा जडही लागते. म्हातारी झाले, दुसरं काय. मग मफलरात अडकायला लागली, म्हणून काढून टेबलावर ठेवली आणि आम्ही वावेलचा किल्ला बघायला गेलो."

"तिथून?"

"कापडबाजारात. एक अंबरवाला मिठाच्या पाण्यात मणी सोडून दाखवत होता. खरा तरंगतो, खोटा बुडतो. मी म्हटलं, सण झाला की माझीही माळ आणते, दोरा सैल झालाय, नवा ओवून दे. तर हा लागला कुरकुरायला, पाय दुखतात म्हणून. लग्न झाल्यापासून दुकान दिसलं की याचे पाय दुखतात!"

कायेतान ओशाळवाणे हसला. तो उंच, सौम्य आणि किंचित वाकलेला गृहस्थ होता.

"परत आल्यावर मी न्हायला गेले. बाहेर येते तो टेबल मोकळं. सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावले मी. याचेसुद्धा!"

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?" फेलित्स्याबाईने कायेतानला विचारले.

"इथेच, खाली. पेलाग्याबाईंना विचारा."

"देवमाणूस आहे हो!" पेलाग्याबाई म्हणाली. "सुट्टीवर आलेला माणूस, पण सगळं गवत पसरून, वर चादर घालून, ताटं मांडून दिली. माझ्या मेलेल्या नवऱ्याने कधी चमचा उचलला नव्हता."

"ओलेस्याने माळ घेतली असेल असं तुम्हाला वाटतं?"

कायेतानने नजर चादरीकडे वळवली. "मी कशाला कोणाचं नाव घेऊ? जाऊ दे ना बोग्ना. सणाचा दिवस आहे."

यानंतर लॅटिनचे निवृत्त शिक्षक हिलारी व्रोना यांची पाळी आली. ते बारमाही भाडेकरू असून त्यांची खोली जोडप्याच्या खोलीसमोर होती.

"दार उघडं टाकून वाचत होतो मी. परकं कोणी आलं नाही. फक्त ओलेस्या गेली, टॉवेल घेऊन. माझे खिसे तर झालेच, आता दाढी झटकून बघायची असेल तर बघा!"

"परकं कोणी नाही," फेलित्स्याबाईने ते शब्द सावकाश उच्चारले आणि ती ओलेस्याची विचारपूस करण्यास स्वयंपाकघराकडे वळली.

परंतु वालेंतीला धीर कोठला! वहिनीच्या आधी आपण चोरी पकडावी अशी अभिलाषा त्याच्या मनात उत्पन्न झाली. खुंटीवर ओलेस्याची पिशवी लोंबत होती. वहिनी दारातच असताना त्याने ती ओढून सर्वांदेखत जमिनीवर पालथी केली.

पिशवीतून एक कंगवा पडला, एका बाईचा फोटो पडला आणि विणलेले हातमोजे पडले. ते इतके लहान होते की एकेकात वालेंतीची दोनच बोटे मावली असती. बाकी काही नव्हते.

स्वयंपाकघरातून आलेली ओलेस्या गुडघ्यांवर बसली आणि एकेक वस्तू उचलू लागली.

"मुलीचे आहेत," ती हळूच म्हणाली. "ती आजीजवळ आहे, तिकडेच. पाठवायचे आहेत."

"मला वाटलं..." वालेंती पुटपुटला.

"भाऊजी," फेलित्स्याबाई म्हणाली, "तुम्हाला वाटलं तेच वाईट झालं."

वालेंतीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खाली वाकून मदत करावी असे त्याला वाटले; परंतु त्या वस्तूंना स्पर्श करण्याचा अधिकार आपण गमावला आहे हेही त्याला उमगले. तो नुसता उभा राहिला.

"तारा!" खिडकीशी उभे असलेले गुरुजी म्हणाले. "पहिला तारा दिसला! जेवायला बसायची वेळ झाली."

पेलाग्याबाईने पांढऱ्या, पातळ पवित्र पापड्यांची बशी आणली. या पापडीचा तुकडा प्रत्येकाने प्रत्येकाशी मोडून खायचा, वर्षभराचे रुसवेफुगवे सोडून द्यायचे आणि मगच जेवायचे, असा तेथला नेम आहे.

"मी चोराशी पापडी मोडणार नाही," बोग्ना म्हणाली. ओलेस्या दाराकडे निघाली.

"थांब पोरी," फेलित्स्याबाई म्हणाली. "पेलाग्याबाई, आज अवचित आलेले पाहुणे आम्हीच. बसवाल ना आम्हाला?"

"अहो, हे काय विचारणं झालं! ते ताट तुमच्यासाठीच आहे. भाऊजींना स्टूल देते."

फेलित्स्याबाई रिकाम्या खुर्चीकडे वळली, तोच कायेतान लगबगीने उठला.

"नको, नको! तिथे खिडकीची गार झुळूक लागते. तुम्ही माझ्या जागेवर बसा, शेगडीजवळ. मी बसतो तिथे."

काय हे सौजन्य, असे वालेंतीला वाटले. नाही तर आपण!

फेलित्स्याबाई आभार मानून शेगडीजवळ बसली. कायेतान अनाहूताच्या ताटापुढे बसला आणि त्याने दोन्ही पंजे ताटाच्या कडेवर ठेवले.

"पेलाग्याबाई, पेलाभर कोमट पाणी आणा," फेलित्स्याबाई म्हणाली. "आणि मीठ. सढळ हाताने."

पेला समोर आला. तिने मीठ ढवळता ढवळता बोलण्यास प्रारंभ केला.

"गुरुजी, परकं कोणी खोलीत गेलं नाही म्हणालात. आपलं कोणी?"

"आपलं म्हणजे... कायेतान जाऊन आला. पण ती त्याचीच खोली..." गुरुजी थबकले. "अरे देवा!"

"नवरा आपल्या खोलीत गेला तर 'कोणी गेलं' असं आपण म्हणत नाही. टॉवेल घेऊन गेलेली बाई मात्र लगेच डोळ्यांत भरते. बरं, खिसे उलटे झाले आणि माळ सापडली नाही. मग ती अशा जागी असली पाहिजे, जिथे आज कोणीच हात घालणार नाही. गवत कोणी पसरलं? ताटं कोणी मांडली?"

"पण स्वतःच्या बायकोची माळ कोण चोरेल?" वालेंती म्हणाला.

"तेच कोडं होतं, भाऊजी. अंबर अंगाला कधी गार लागत नाही आणि वजनालाही हलकं असतं. बोग्नाबाईंची माळ मात्र गळ्याला बर्फ वाटते आणि जड होते. त्या म्हणतात, म्हातारपण. मी म्हणते, काच. कापडबाजारातल्या मिठाच्या पाण्यात ते उघडं पडलं असतं. म्हणून आज मध्यरात्रीच्या नाताळच्या प्रार्थनेला जाताना माळ बहुधा विस्ला नदीत जाणार होती. तोवर तिला ठेवायला क्राकोवभर एकच जागा सुरक्षित होती. पण ताटाचा हक्कदार पाहुणा खरोखरच आला, आणि यजमानीण बसवत असताना स्वतः पाहुणाच असलेल्या माणसाने त्याला तिथे बसू दिलं नाही. असं आपल्यात कोणी करत नाही. उचला ताट, कायेतानराव."

कायेतान हलला नाही. बोग्नानेच ताट सरकवले, चादर उलटली आणि गवतात हात घातला. पिवळी माळ हाताला लागताच तिने सैल दोरा तोडला आणि एक मणी पेल्यात टाकला.

तो सरळ तळाशी गेला.

"माझ्या आईची कुठे आहे?"

"ट्राममध्ये राहिली," कायेतान म्हणाला. "दोन वर्षं झाली. तू ओवून आणायला दिली होतीस. वाटेत मित्राच्या नामदिनाच्या मेजवानीला थांबलो, प्यायलो... तुला सांगायची लाज वाटली. म्हणून तशीच दुसरी करून आणली."

"दोन वर्षं," बोग्ना म्हणाली. "पितरांच्या दिवशी आईच्या थडग्यावर दिवे लावताना मी काच घालून उभी होते. तू शेजारी होतास. तूच दिवे पेटवून देत होतास." नंतर तिने ओलेस्याकडे बोट केले. "आणि हिला? हिला बाहेर काढत होते मी. तू ऐकत होतास!"

"मला वाटलं, सणानंतर तुझा राग शांत होईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी अशी म्हण आहे. परंतु त्या फाशीची दोरी आपणही ओढली होती, हे वालेंतीला कळून चुकले. कायेतानने तोंड उघडले नव्हते. आपण तर पिशवीच पालथी केली. त्याला कायेतानकडे पाहवेना आणि स्वतःच्या हातांकडेही पाहवेना.

बोग्ना उठली. पापडी घेऊन ती प्रथम ओलेस्याजवळ गेली. काय बोलली ते ऐकू आले नाही. दोघींनी तुकडे मोडले. मग ओलेस्या वालेंतीच्या स्टुलाशी आली आणि आपली पापडी तिने पुढे धरली.

"मी ही घेण्याच्या लायकीचा नाही," तो म्हणाला.

"लायकी कोण बघतंय आज?" ओलेस्या म्हणाली. "मोडा. सार निवतंय."

त्याने कणभर तुकडा मोडला. तो जिभेवर विरघळला.

कायेतान खुर्चीमागे उभा होता. शेगडीजवळची त्याची खुर्ची त्याने स्वतःच देऊन टाकली होती. तो कोट घेण्यास खुंटीकडे वळला.

"थांबा," बोग्ना म्हणाली. लग्नापासून त्याला अरेतुरे करणारी ती बाई त्याच्याकडे न पाहता बोलली. "ताट मांडलेलं आहे. बसा. आज आम्ही परक्या माणसालाही दारातून परत पाठवत नाही."

तो बसला. कोणी काही न सांगताच ओलेस्याने त्याच्या ताटात सार वाढले.