बदली कोण?

चुडामण पाटलाला त्या दुपारी काय काय मिळणार होतं, ते आधी मोजून घेऊ.

बहिणीचा जीव. हे सगळ्यात वर.

त्याखाली आईचा आशीर्वाद, बहिणीच्या सासरी, एरंडोलच्या पाहुण्यांत वट, आणि "कॉम्प्युटर क्लास काढून काय दिवे लावले?" असं दर सणाला विचारणाऱ्या काकांचं तोंड कायमचं बंद.

आणि अगदी तळाशी एक गोष्ट होती. ती त्याने स्वतःलाही कधी मोठ्याने सांगितलेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वीची एक लबाडी... ती तशीच झाकलेली राहणार होती.

घडलं ते खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. गाव जळगाव, दिवस अठ्ठ्याण्णवच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आणि वेळ रात्रीची नव्हे, दुपारी दोनची. असलं काही अंधारातच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खान्देशातली एप्रिलची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

चुडामणची धाकटी बहीण सुनंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी मुलगी झाली. घरात आई भिकुबाईने आखाजीच्या रीतीप्रमाणे वारलेल्या वडिलांच्या नावाची घागर भरली, पुरणपोळीचं जेवण मांडलं, आणि अकरा वाजता दवाखान्यातून निरोप आला.

रक्तस्राव थांबत नाही.

डॉक्टर म्हणाले, "हिचा गट ओ दिसतो, पण ओ नाही. कुठलीच बाटली जुळत नाही. दहा हजारांत एखाद्याचा असतो असा. मुंबईला फोन केलाय. बाटली उद्या सकाळी पोचेल."

"आणि सकाळपर्यंत?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

सख्ख्या भावाचं जुळू शकतं म्हणून चुडामणचं बोट टोचून पाहिलं. जुळलं नाही. त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली. सुईला तो लहानपणापासून भ्यायचा.

भिकुबाईने त्याचा सदरा धरला. "चुडामण, काहीबी कर भाऊ. पन मनी पोरले वाचाड."

जावई झुलाल देवरे तिकडे एरंडोलला होते. मुलगी झाल्याचा निरोप त्यांना सकाळीच गेला होता. "संध्याकाळच्या एस.टी.ने येतो," म्हणाले होते. आखाजीला पत्त्यांचा डाव मोडून कोण उठतो?

तेवढ्यात प्रमिलाबाई सिस्टरनी चुडामणला बाजूला घेतलं. पन्नाशीची बाई, पूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात होती.

"भाऊ, एक यादी आहे," ती म्हणाली. "आमच्या यांनी केलेली."

तिचा नवरा आधार बिऱ्हाडे धुळ्याच्या रक्तपेढीत ऑपरेटर होता. शहाऐंशी साली तिथे पहिलं कॉम्प्युटरचं मशीन आलं. आधारने त्यावर स्वतः प्रोग्राम लिहिला. दुर्मिळ रक्ताची माणसं कुठे आहेत, कुणाने कधी दिलं, सगळं त्यात. नियम तेव्हाही तोच होता. पेढीतून एक बाटली घ्यायची, तर नातेवाइकाने बदली एक बाटली द्यायची. लोक बदलीच्या रकान्यात वाटेल ते नाव लिहायचे आणि बाटली घेऊन पसार व्हायचे. आधार त्यांना सायकलवरून घरी जाऊन गाठायचा.

"हे गेले, मग मशीनही भंगारात गेलं," प्रमिलाबाई म्हणाली. "फ्लॉपी तेवढी मी पर्समध्ये घेऊन फिरते. त्यांचं अक्षर आहे तिच्यावर. तुमच्याच्याने उघडेल का?"

"ते वारले कशाने?" चुडामणने उगाच विचारलं.

"उन्हाने, असं म्हणतात. पण त्या आठवड्यात एक कॉलेजचा पोरगा आईच्या बाटलीसाठी नाव लिहून पळाला. त्याची बाटली यांनी स्वतःची दिली. पंधरा दिवसांपूर्वीच एक दिलेली होती. कुणाची बाकी राहिली की यांना जेवण जायचं नाही."

चुडामणने फ्लॉपी खिशात घातली. तिच्याकडे बघायचं टाळलं.

मार्च सत्त्याऐंशी. धुळे. आईचं ऑपरेशन. रकान्यात नाव लिहिलं होतं... चुडामण दगा पाटील. सुई पाहिली, बाहेर आला, समोरच्या हॉटेलात कचोरी खाल्ली, आणि मिळेल त्या एस.टी.ने जळगाव गाठलं.

हे फक्त त्यालाच माहीत होतं. आणि एका मेलेल्या माणसाला.

*

नवी पेठेतला क्लास बंद होता. त्याने शटर अर्धं उचललं, वाकून आत शिरला.

आधारचं मशीन वेगळ्या जातीचं. त्याची सिस्टीम वेगळी. तिचा प्रोग्राम विंडोजवर सरळ चालणं शक्य नव्हतं. पण मासिकाबरोबर फुकट आलेल्या एका सीडीवर एक गंमत होती. ती नव्या मशीनच्या आत जुनं मशीन उभं करायची. एक काळी खिडकी उघडायची, आणि त्या खिडकीत जुन्या प्रोग्रामला वाटायचं, आपण आपल्याच घरी आहोत.

सोंगच ते. आपल्याकडे देवीचं सोंग घेतात ना, मुखवटा चढवून? तसंच. हिवाळ्यात चुडामणने पोरांना करून दाखवलं होतं तेव्हा सगळे हसले होते.

मुखवटा चढवला की कधी कधी खरंच अंगात येतं, हे मात्र तेव्हा कुणाला आठवलं नाही.

फ्लॉपी तीनदा वाचली गेली नाही. चौथ्यांदा वाचली. त्याने तिची नक्कल मशीनमध्ये उतरवली, फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली, आणि काळी खिडकी उघडली.

हिरवी अक्षरं आली. इंग्रजी लिपी, भाषा मराठी. "रक्त यादी. धुळे."

खाली तारीख.

१९ मार्च १९८७.

त्याने ती टाकलेली नव्हती. जुन्या प्रोग्रामची जुनी तारीख असेल, तो स्वतःशी म्हणाला. गट विचारला, त्याने लिहिला. पेशंट विचारला, लिहिला. गाव विचारलं, लिहिलं.

मग...

"बदली कोण?"

त्याने रिकामं सोडून पुढे जायचा प्रयत्न केला. मशीन नुसतं टीं करून थांबलं.

एबीसीडी लिहिलं. क्लासमध्ये सगळे तसंच करतात.

"हा माणूस नाही."

चुडामण हसला. बरा प्रोग्राम लिहिलाय बेट्याने. मग त्याने लिहिलं, रामलाल शंकर, धुळे.

"हा माणूस नाही."

हसू गेलं. रामलाल नावाचा कुणी नाही, हे मशीनला कसं कळलं?

फोन वाजला. प्रमिलाबाई. "नाडी लागेना झालीय, भाऊ. उघडलं का?"

"उघडलंय. ते बदलीचं नाव मागतंय."

"मग खरं द्या की. ते खोटं घेत नाही."

त्याला घाम फुटला होता. बोटं कीबोर्डवर घसरत होती. काही सुचेना म्हणून त्याने लिहिलं, आधार.

या वेळी "हा माणूस नाही" आलं नाही.

बाहेर कूलरची घरघर चालू होती. ती थांबली. पंखा थांबला. वीज गेली.

मॉनिटर चालूच होता...

आणि ड्राइव्ह करकरू लागली. जुनी ड्राइव्ह करकरते तशी, जड. फ्लॉपी तर टेबलावर होती. त्याच्या समोर. त्याच्या हाताशी.

"माझं देऊन झालं."

खोलीत स्पिरिटचा वास आला. दंडाला कापूस चोळतात तेव्हा येतो तो.

त्याखाली एकेक अक्षर उमटायला लागलं. सावकाश. सी... एच... यू... एक अक्षर चुकलं. मागे गेलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

प्रोग्राम चुकत नाही, आणि चुकला तर खोडत नाही. खोडून दुरुस्त करतो तो माणूस.

"चुडामण दगा. बाकी एक. आज देतोस का?"

चुडामणने आपलं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं.

इथे "हो" लिहिलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण माणूस मरणाच्या दारातही घासाघीस करतो, आणि चुडामण तर पाटलाचा पोरगा. त्याच्या डोळ्यांपुढे ती जाड सुई आली. आधारही आला, पंधरा दिवसांत दोन बाटल्या देऊन उन्हात सायकल मारणारा. मग त्याने मनाशी एक सोयीचा न्याय लावला. बायको कुणाची? पोरगी कुणाची? मग बदली कुणी द्यायची?

त्याने लिहिलं, झुलाल देवरे, एरंडोल.

कर्सर लुकलुकला.

"त्याला विचारलं का?"

फोन पुन्हा वाजत होता. चुडामणने तो उचलला नाही.

त्याने लिहिलं, हो.

"कबूल."

आणि लगेच खाली एक नाव, एक नंबर. भटू सोनवणे, रेल्वे गँगमन, पाचोरा.

*

नंबर पाचोऱ्याच्या एका एस.टी.डी. बूथचा निघाला. बूथवाला म्हणाला, "भटू? तो तं आठेच बठेल शे, बाकड्यावर. द्या, बोला."

"मी तं कव्हयना तयार बठेल शे," भटूचा आवाज आला. "आधारभाऊना निरोप उना ना दुपारले."

"कुणाचा?"

"आधारभाऊंचा, धुळ्याचे ते. त्यांचाच निरोप आला, म्हणून केव्हाचा बसलोय. आवाज वळखतो ना मी त्यांचा. कोन्या दवाखान्यात यायचं, तेवढं सांगा."

चुडामणने दवाखान्याचं नाव सांगितलं आणि बूथवाल्याला पुन्हा फोनवर घेतलं. "हा बूथ कधीचा?"

"मागच्या दिवाळीत टाकला, भाऊ. काब्रं, का विचारता?"

अकरा वर्षांपूर्वीच्या यादीत सहा महिन्यांपूर्वीचा नंबर. चुडामणने रिसीव्हर ठेवला. पण विचार करायला वेळ कुठे होता?

भटू मिळाली ती गाडी धरून साडेचारला हजर झाला. रक्त जुळलं. साडेपाचला बाटली भरली, सुनंदाला लागली. साडेसहाला तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मुंबईची बाटली येईपर्यंत ती तगली. भिकुबाईने चुडामणवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

सगळे जावयाची वाट पाहत होते. एस.टी. येऊन गेली. झुलाल आले नाहीत.

रात्री एरंडोलहून त्यांचा चुलतभाऊ आला. पायरीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लिंबाखाली डाव चालू होता," तो म्हणाला. "साडेपाचचा सुमार. हसत होता. मग म्हणाला, हाताला काय चावलं रे? मुंगी का? मग म्हणाला, थंडी वाजते. एवढ्या उन्हात... आम्ही चेष्टा केली. म्हटलं, पत्ते वाईट आले का? तो खोडाला टेकला. पत्ते हातातच राहिले."

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. फाल्गुनात झुलालला कावीळ झाली होती. अंगात रक्त कमी होतं. बाळंतपणाच्या बाईला घोर नको म्हणून त्यांनी सासरी कळवू दिलं नव्हतं. एका शब्दाने विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

चुडामणने अंत्यविधीला त्यांचा डावा हात पाहिला. सगळं अंग चुन्यासारखं पांढरं. कोपराच्या आतल्या बाजूला एक बारीक टिपका. त्यावर कापसाचा बोळा, पट्टीने नीट चिकटवलेला.

"हे कुणी लावलं?" त्याने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो क्लासवर गेला. काळी खिडकी उघडीच होती.

"झुलाल देवरे. जमा. चुडामण दगा. बाकी दोन." एक आईच्या वेळची, एक झुलालची.

तो बघत असतानाच खिडकी मिटली. पुन्हा कधी उघडली नाही. फ्लॉपी कुठल्याच मशीनमध्ये वाचली गेली नाही. त्याने ती प्रमिलाबाईला परत दिली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमचं कॉलेज जळगावचंच ना, भाऊ?"

त्याने मान खाली घातली. ती फ्लॉपी पदराला पुसत निघून गेली.

त्यानंतर चुडामण रक्तदानाच्या प्रत्येक शिबिरात जातो. पहिला नंबर लावतो. सुईला आता भीत नाही. पण शीर सापडत नाही. एक सिस्टर बघते, दुसरी बघते, डॉक्टर बघतात. सुई आत जाते, नळी कोरडीच राहते. "उन्हामुळे असेल, पाणी पिऊन या," म्हणतात. तो पाणी पितो, परत येतो. नळी कोरडीच. हातात बिस्किटाचा पुडा देऊन त्याला वाटेला लावतात.

आणि दर वेळी रांगेत त्याच्या मागे कुणीतरी सायकलची घंटी वाजवतं, असं तो सांगतो. मंडपात, माणसांच्या रांगेत... सायकल कुठली?

पुढच्या आखाजीला सुनंदाने घागर भरली ती झुलालच्या नावाची. पोरगी मांडीवर होती. चुडामण उंबऱ्याबाहेर उभा होता. तिने त्याला आत बोलावलं, म्हणाली, "भाऊ, तू नसतास तर मी नसते." तो आत गेला नाही.

भटूने एक बाटली दिली. आधारने चुडामणच्या बदली एक दिली. झुलालने, कुणी न विचारताच, सगळं दिलं, आणि त्याची किंमत सुनंदा अजून देते आहे, का ते ठाऊक नसताना.

चुडामणने अजून काहीच दिलेलं नाही.